साईड कोणती घेतलीस?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "आजोबा, सायन्स घेऊ की कॉमर्स?" मी मराठी माध्यमातला बी.ए., त्यातून निवृत्त मास्तर. मला काय विचारता! पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे एक गोष्ट दिसते, ती सांगतो. आमच्या सातारा-सांगलीकडे साईड मुलं निवडतच नव्हती. ती आधीच ठरलेली असे. ठरवत कोण? तर अंतर, फी आणि भाषा.

आधी अंतराचं. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पण साताऱ्यात रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघायला १९४७ उजाडलं. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेजही (आताचं वालचंद) त्याच वर्षीचं. तोवर मॅट्रिक झालेल्या सातारच्या मुलाने जायचं कुठे? पुणे, कोल्हापूर नाहीतर सांगली. खोलीचं भाडं आणि खाणावळ परवडणार असेल तरच "मला काय आवडतं" हा प्रश्न निघे. (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. मग त्याचा 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये 'सांगली'. म्हणून दोन्हीकडे सोयरीकही फार!)

फीचं उत्तर कर्मवीरांनी शोधलं, 'कमवा आणि शिका'. मुलं श्रम करत आणि त्यावर शिकत. शिकून बाहेर पडलेल्यांतले पुष्कळजण मास्तर झाले, कारण गावोगाव शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं हवी होती. पी. जी. पाटील तर विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन रयतमध्ये शिकवू लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. वकिली केली असती तर पैसा मिळाला असता, असं आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक हळहळून म्हणत. मला ती हळहळ कधी कळली नाही.

भाषेचं मात्र कोणी बोलत नाही. आमच्या वेळी अकरावीची एस.एस.सी. होती. पण खरा फाटा फुटे आठवीतच. बीजगणित-भूमिती घ्यायची की सोपं गणित, हे तेव्हा ठरे. सोपं गणित घेतलं की सायन्सचं दार बंद. तेरा वर्षांच्या पोराला कुठलं कळायला? खेड्यातल्या शाळेत बीजगणित शिकवणारा शिक्षकच नसला, तर अख्खा वर्ग आर्ट्सचा! आणि ते दार उघडं राहिलं तरी आत सगळं इंग्रजी. आर्ट्सला मराठीतून पेपर लिहिता येई. मी बी.ए. झालो त्यात वाङ्मयाच्या ओढीइतकाच या सोयीचाही वाटा आहे. १९७५ पासून दहावीची एस.एस.सी. आली आणि साईडचा निर्णय दहावीनंतरवर गेला. ही सुधारणा मला तरी मोठी वाटते.

मधल्या काळात कॉलेजं जवळ आली. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग १९६० चं, मिरजेचं मेडिकल १९६२ चं. मग हुशार मुलगा म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर हे समीकरण घट्ट झालं. नरेंद्र दाभोलकर साताऱ्यात शिकले, मग विलिंग्डनला, मग मिरजेला, आणि डॉक्टर झाले. बारा-एक वर्षं दवाखाना चालवून त्यांनी तो सोडला आणि समाजाचं काम धरलं. किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणरावांचंही पाहा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंग धरलं, पुढे त्याचेच मास्तर झाले, नंतर नांगर केले आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना आणला. पहिली साईड चुकली म्हणून माणूस संपत नाही, हे मी वर्गात सांगे. पोरं हसत. त्यांना रंग न ओळखणारा चित्रकार हीच गंमत वाटे.

आणि मग १९८३. मुख्यमंत्री वसंतदादा, आमच्या सांगलीचे, स्वतः कॉलेजचं तोंड न पाहिलेले. त्यांच्या सरकारने खासगी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आमची मुलं शेजारच्या राज्यात देणगी भरून शिकायला जात होती, ती इथेच शिकू लागली. दादांच्या निर्णयाला नावं ठेवणारे खूप भेटतात. पण खेड्यातल्या किती घरांत पहिला इंजिनिअर त्यानंतर झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. देणगीविरुद्ध १९८७ चा कायदाही झाला. तरी निकालानंतर शाळेत येणाऱ्या पालकांची बोलणी तेव्हापासून बदलली ती बदललीच. पूर्वी विचारत, "गुरुजी, एवढ्या मार्कांत काय मिळेल?" आता दबक्या आवाजात विचारू लागले, "गुरुजी, एकरभर रान काढलं तर भागेल का?"