मोठ्या बायकांचं बेट

गावात कुणी परका माणूस गाडी घेऊन जमीन बघायला आला की दोन गोष्टी एकदम बोलल्या जातात. एक म्हणजे, गावाचं भलं होईल, पैसा येईल. आणि दुसरी, हळू आवाजात, की आपलं काय होईल? आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या गावाची हकीकत सांगणार आहोत. तिथं असे गाडीवाले दीडशे-पावणेदोनशे वर्षं येत राहिले, आणि शेवटी गावानंच गाव विकत घेतलं.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात एग नावाचं बेट आहे. नऊ किलोमीटर लांब, पाच किलोमीटर रुंद. मधोमध काळ्या खडकाचा सुळका, खाली गवताळ माळ, आणि विखुरलेली घरं. मॅलेग या बंदरातून बोटीनं तासाभराहून थोडं जास्त लागतं, तेही समुद्र शांत असला तर. तिथले कोळी समुद्रावर असताना या बेटाचं खरं नाव घेत नसत, ‘मोठ्या बायकांचं बेट’ म्हणत. त्यामागची दंतकथा अशी. सातव्या शतकात डोनन नावाचा साधू आपल्या शिष्यांना घेऊन तिथं येऊन राहिला. ती जागा होती एका राणीच्या मेंढ्या चरायची. राणीला ते खपलं नाही. इ.स. 617 मध्ये त्या सगळ्यांना मारण्यात आलं, आणि मारायला राणीनं धिप्पाड लढाऊ बायका पाठवल्या होत्या, असं सांगतात. दंतकथा खरी असो-नसो, भांडण मात्र चराऊ रानाचं होतं, हे लक्षात ठेवा. मेंढ्या पुढे परत येणार आहेत.

1841 साली बेटावर पाचशेच्या वर माणसं होती. बेट तोवर जुन्या सरदार घराण्याच्या हातून गेलं होतं आणि विकत घेणाऱ्या नव्या मालकाचं झालं होतं. माणसांच्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत जास्त पैसा होता. 1853 मध्ये ग्रुलिन नावाची वस्ती रिकामी करायला लावली. चौदा कुटुंबं. त्यातली बहुतेक अटलांटिक ओलांडून कॅनडाकडे गेली. घरांच्या दगडी भिंती अजून तिथं आहेत. पर्यटक चालत जाऊन बघतात.

1886 मध्ये लहान शेतकरी कुळांना कायद्यानं संरक्षण मिळालं, त्यांना मनाला येईल तेव्हा हुसकावता येईना. पण ते फक्त त्यांच्यापुरतं. बाकी घरं, रान, धक्का, माळ सगळं मालकाचं. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. आमच्यापैकी कितीजणींच्या सासरचा सातबारा त्या दिवसाचा आहे! एगवर मात्र त्यानंतर चाळीस वर्षं अख्खं बेट, माणसं राहत असताना, एका सहीनं विकलं जात होतं.

1975 मध्ये कीथ शेलेनबर्ग या इंग्रज उद्योगपतीनं बेट घेतलं. त्याला बेट आवडत होतं, पाहुणे आणायचे होते, पर्यटन वाढवायचं होतं. सुरुवातीला कामंही निघाली. पण लोकांना घरांचे लांब मुदतीचे करार मिळेनात. आता हे बायकांनाच नीट कळेल: उद्या घर राहील की नाही ठाऊक नसेल तर छप्पर कोण शाकारतं? मोरी कोण बांधतं? स्वतःचे पैसे घालायला कुणी धजेना आणि बँक कर्ज देईना. 1994 च्या जानेवारीत मालकाची जुनी रोल्स रॉइस धक्क्याजवळच्या शेडमध्ये जळून गेली. आग कशी लागली ते कधीच उघड झालं नाही.

1995 मध्ये त्यानं बेट मारुमा नावाच्या जर्मन चित्रकाराला विकलं. आश्वासनं भरपूर मिळाली. सव्वा वर्षात, 1996 च्या जुलैमध्ये, बेट पुन्हा बाजारात, किंमत वीस लाख पौंड.

आता मात्र गावकऱ्यांनी ठरवलं की तिसरा मालक नको. तेव्हा बेटावर उरले होते जेमतेम साठ-पासष्ट जण, लहान मुलं धरून. त्यांनी लोकांना मदतीची हाक दिली. त्या कामात मॅगी फाइफ ही बेटावरचीच बाई पुढे होती. 1976 मध्ये ती तिथं राहायला आली होती. दहा हजारांवर देणग्या आल्या. कुणी पाच पौंड पाठवले, कुणी पन्नास. सरकारी पैसा त्यात नगण्य होता. तरीही आकडा पुरत नव्हता. मग एका बाईनं एकटीनं निम्म्याहून जास्त रक्कम दिली. अट एकच: माझं नाव सांगायचं नाही. ते सांगितलं गेलं नाही. बदल्यात तिला ना घर मिळालं, ना जमिनीचा तुकडा.

पंधरा लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं साडेआठ-नऊ कोटी रुपयांना, सौदा झाला. 12 जून 1997 ला बेट एका न्यासाच्या नावावर गेलं. त्यात गावकऱ्यांची संघटना, जिल्ह्याची परिषद आणि वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था असे तिघे.

पहिल्यांदा काय केलं? करार. राहणाऱ्यांना लांब मुदतीचे करार मिळाले आणि मग घरांची डागडुजी सुरू झाली. 1998 मध्ये धक्क्यावर दुकान आणि चहाचं हॉटेल उभं राहिलं. मोठी बोट तेव्हा धक्क्याला लागतच नसे. पाण्यात बोट थांबायची, माणसं, पीठ-मीठ, गॅसच्या टाक्या सगळं छोट्या होडीत उतरवून आणायचं. 2004 मध्ये नवा धक्का झाला आणि ती कसरत संपली.

विजेची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. घराघरांत डिझेलची जनरेटरं धडधडत होती. मुख्य भूमीवरून समुद्रातून तार आणायचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींची वीज एकत्र केली आणि 1 फेब्रुवारी 2008 ला स्वतःची वीज कंपनी सुरू केली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉटच. किटली, धुण्याचं यंत्र आणि शेगडी एकदम लावली तर वीज जाते. तेवढं भान घरात ठेवावं लागतं, आणि कुणाच्या घरी जास्त, कुणाच्या घरी कमी असं नाही. जोराच्या वाऱ्यात वीज उरली तर ती गावच्या सभागृहात आणि चर्चमध्ये ऊब द्यायला वापरतात.

सगळं गोड झालं असं आम्ही म्हणत नाही. माणसं शंभरावर गेली, म्हणजे घरं अपुरी पडू लागली. येऊ इच्छिणाऱ्या तरुण जोडप्यांना जागा मिळत नाही. बैठका लांबतात, भांडणं होतात. मालक होता तेव्हा शिव्या द्यायला एक माणूस होता, आता शेजारणीशीच वाद घालावा लागतो. बचत गट चालवणारीला हे वेगळं सांगायला नको.

एगनंतर 2002 मध्ये गिगा बेटाच्या लोकांनी आपलं बेट घेतलं. 2003 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं कायदा केला, की जमीन विकायला निघाली तर तिथं राहणाऱ्या समुदायाला ती आधी घेण्याचा हक्क नोंदवता येईल.

कुणाला एगला जायचंच असेल तर स्वतःची गाडी नेता येत नाही, ती मॅलेगलाच ठेवायची. बेटावर पायी किंवा भाड्याच्या सायकलवर फिरायचं. जूनमध्ये 12 तारखेच्या आसपास गेलात तर गावचा वाढदिवस असतो, रात्रभर नाच चालतो. पण राहण्याची सोय आधी करा, त्या दिवसांत खोली मिळत नाही.