हिप-हॉप क्लबचा डीजे : एका व्यवसायाची घडण

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतील ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. मूळ अर्थाने मात्र डीजे, म्हणजेच डिस्क जॉकी, ही यंत्रणा नसून व्यक्ती आहे. कोणते गाणे वाजवायचे, त्याचा कोणता भाग वाजवायचा आणि एका गाण्यातून दुसऱ्यात नर्तकाचा पाय न अडखळता कसे शिरायचे, हे ठरवणारी ती व्यक्ती होय. गोव्याच्या किनारपट्टीवरील क्लबांमुळे या व्यवसायाकडे वळू पाहणारे तरुण आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांचा ओढा हिप-हॉपकडे आहे, त्यांना या व्यवसायाची जन्मकथा ठाऊक असणे उपयोगाचे आहे. कारण त्यातील आजचे बहुतेक नियम त्या कथेतूनच निघाले आहेत.

हिप-हॉपमध्ये डीजे आधी आला आणि रॅपर नंतर. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीची पार्टी ठेवली. संगीताची बाजू तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, याने सांभाळली. कॅम्पबेल कुटुंब जमैकातील किंग्स्टनहून आलेले. रस्त्यावर अवाढव्य ध्वनियंत्रणा उभारून नाचण्याची तिकडची परंपरा हर्कने पाहिलेली होती. त्याचे निरीक्षण साधे होते : गाण्यातील गायन व सुरावट थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या तुकड्याला, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, नाचणारे सर्वाधिक प्रतिसाद देतात, पण तो तुकडा काही सेकंदांतच संपतो. हर्कने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन फिरत्या तबकांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपताच तो दुसरीवरचा सुरू करी आणि तोवर पहिली मागे नेई. काही सेकंदांचा ताल अशा रीतीने मिनिटांवर ताणला गेला. आपल्या संग्रहातील मुद्रिका प्रतिस्पर्ध्यांना ओळखता येऊ नयेत म्हणून तो त्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत असे. घराण्याची अस्सल चीज परक्याच्या कानी पडू न देणाऱ्या आपल्याकडील बुवांची येथे आठवण व्हावी.

हर्कची जोडणी ओबडधोबड होती. तिला शास्त्र दिले जोसेफ सॅडलर, अर्थात ग्रँडमास्टर फ्लॅश, याने. बार्बाडोसमध्ये जन्मलेला व ब्रॉन्क्समध्ये वाढलेला हा मुलगा व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता. एक तबकडी लोकांना ऐकू जात असताना दुसरी फक्त आपल्या हेडफोनमध्ये ऐकता यावी यासाठी त्याने मिक्सरला जोडायची कळ स्वतः तयार केली. तबकडीवर रंगीत खडूने खुणा करून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे ती नेमकी किती फेरे मागे न्यायची हे तो ठरवू लागला. त्याच्याच वर्तुळातील किशोरवयीन ग्रँड विझर्ड थिओडोर याच्या हातून ‘स्क्रॅच’ जन्मला. आई रागावली म्हणून फिरती तबकडी हाताने रोखून धरली आणि पुढे-मागे झालेल्या सुईचा खरखरीत आवाज आवडला, असे तो स्वतः सांगत आला आहे.

यानंतर जे घडले ते या व्यवसायाचे अर्थकारण समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही मुद्रिका गाजली. तिच्यात ताल वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेला होता, डीजेचा हात नव्हता. १९८२ मधील ‘द मेसेज’ या मुद्रिकेवर फ्लॅशचे नाव आहे, तथापि तिच्या निर्मितीत त्याचा वाटा जवळजवळ नव्हता. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी रॅपरला तारा केले आणि डीजे मागच्या रांगेत गेला. त्याच्यापाशी उरला तो क्लब, म्हणजे समोर नाचणारी माणसे. आजही हिप-हॉप डीजेच्या उपजीविकेचा पाया स्वतःच्या गाण्यांची विक्री नसून त्या दालनाने त्याच्यावर ठेवलेला विश्वास हाच आहे.

हा विश्वास कोठून येतो? पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. बहुतेक गाणी चार मात्रांच्या आवर्तनांत बांधलेली असतात आणि आठ किंवा सोळा आवर्तनांनंतर वळण घेतात. ते वळण कानाने ओळखता आले नाही तर ताल जुळूनही जोडणी चुकते. हाऊस संगीत मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांवर स्थिर चालते, त्यामुळे दोन गाणी दीर्घकाळ एकमेकांत मुरवता येतात. हिप-हॉप बहुधा ८५ ते १०५ च्या दरम्यान असते. ट्रॅप शैलीत १४० मोजले तरी नाचणारा निम्म्या गतीवर डुलतो. शिवाय येथे शब्द महत्त्वाचे. दोन गाण्यांतील शब्द एकमेकांवर आदळले की गोंगाट होतो. म्हणून हिप-हॉप डीजे एक-दीड मिनिटात गाणे बदलतो, ध्रुवपद येऊन गेले की निघतो आणि क्वचित आवाज तोडून लोकांनाच ओळ म्हणू देतो. रात्रभरात शंभराहून अधिक गाणी सहज लागतात. तेव्हा तांत्रिक सफाईइतकाच संग्रहही जोखला जातो : १९९० च्या दशकातील न्यूयॉर्क, अटलांटाची दक्षिणी धाटणी, पंजाबी व मुंबईचे रॅप, आणि यांतील कशानंतर काय शोभेल याची जाण.

उपकरणांबद्दल अनाठायी चिंता केली जाते. १९७२ मध्ये आलेले टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे तबक या कलेचे वाद्य ठरले. पट्ट्याऐवजी मोटरवरच थेट फिरत असल्यामुळे हाताने रोखून सोडताच ते चटकन पूर्ण गती घेई. २००४ मध्ये सेराटोची संगणकीय प्रणाली आली आणि मुद्रिकांच्या पेट्या वाहण्याचे कष्ट संपले. आता साध्या कंट्रोलरवरील एक कळ दोन गाण्यांची गती आपोआप जुळवते. गती जुळवणे ही विकण्याजोगी विद्या त्यामुळे राहिली नाही. निवड मात्र यंत्राला सोपवता आलेली नाही.

क्लबमधील वाटचाल बहुधा रात्रीच्या सर्वांत नीरस तासापासून सुरू होते. लोक येत आहेत, कोणी नाचत नाही, अशा वेळचा हा पहिला अवधी. नवखा डीजे येथेच सगळी गाजलेली गाणी वाजवून टाकतो आणि मुख्य डीजेसाठी काही शिल्लक ठेवत नाही. त्याला पुन्हा बोलावले जात नाही. मैफलीत आधी गाणाऱ्याने मुख्य गायकाचा राग गाऊ नये, तसाच हा संकेत आहे. जो हा तास संयमाने सांभाळतो त्याच्याकडे हळूहळू आठवड्यातील एक ठरलेली रात्र येते. ही ठरलेली रात्र, जिला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात, कारकिर्दीचा खरा कणा होय. न्यूयॉर्कच्या फंकमास्टर फ्लेक्सचे उदाहरण पाहावे. रेडिओवरील चक चिलआउट या ज्येष्ठ डीजेच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली, १९९२ मध्ये हॉट ९७ या केंद्रावर तो आला आणि पुढे टनेल या क्लबमधील रविवारच्या रात्री त्याच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्या रात्री गाणे चालले तर शहरात चालेल, अशी कंपन्यांची धारणा झाली होती.

दुसरी वाट मिक्सटेपची. किड कॅप्रीसारख्या डीजेंनी आपल्या जोडण्यांच्या कॅसेट हातोहात विकून नाव कमावले. पण हे गाणे दुसऱ्याच्या मालकीचे असते, ही बाब जानेवारी २००७ मध्ये कठोरपणे समोर आली : अटलांटात डीजे ड्रामाच्या कार्यालयावर छापा पडला, त्याला अटक झाली आणि ८१ हजारांहून अधिक सीडी जप्त झाल्या. त्याला आपली गाणी देणाऱ्यांत मोठे रॅपर स्वखुशीने सामील होते, हे विशेष.

गोव्यातही कायद्याची बाजू दुर्लक्षून चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. म्हणजे उत्तररात्रीचे काम ध्वनिरोधक बंदिस्त दालनातच. ध्वनिमुद्रित संगीत सार्वजनिकरीत्या वाजवण्यास हक्कधारकांचा परवानाही लागतो. लग्नसमारंभांत तो नको, अशा आशयाचे राज्य सरकारचे जानेवारी २०२४ मधील परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा हंगाम मंदावला की अनेक डीजेंचा चरितार्थ लग्नांवरच चालतो, म्हणून परवाना कोणी काढायचा हे आगाऊ लिहून घेणे इष्ट. त्याच कागदावर वाजवण्याचे तास, आगाऊ रक्कम, उपकरणे कोणाची आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हेही असावे. मित्राच्या क्लबमध्ये असे कागद मागणे अवघड वाटते, आणि पैसे नेमके तेथेच बुडतात.

या व्यवसायात निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही. ज्याच्यापासून सारे सुरू झाले तो कूल हर्क २०११ मध्ये आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता आणि उपचारांसाठी चाहत्यांना मदतीचे आवाहन करावे लागले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान त्याला मिळाला तो २०२३ मध्ये. हंगामातील कमाईतून विम्याचा हप्ता आधी बाजूला काढणारे डीजे थोडे आहेत, पण तेच दीर्घकाळ टिकलेले दिसतात.

आणि कान. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास काम करता येते. दर ३ डेसिबलमागे हा काळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. क्लबमधील आवाज ही पातळी सहज गाठतो. डीजेजवळच्या ध्वनिवर्धकाचा आवाज रात्र चढेल तसा नकळत वाढवला जातो, कारण थकलेल्या कानाला तो कमी वाटू लागतो. घरी परतल्यावर कानात गुणगुण राहत असेल तर ती इशारा समजावी. कानाचा साचा घेऊन बनवलेले, सर्व स्वर सारखेच मंद करणारे संरक्षक आता आपल्याकडेही श्रवणतज्ज्ञांकडून मिळतात. पहिल्या ठरलेल्या रात्रीच्या मानधनातून करायची खरेदी हीच.