मुक्तस्रोत खेळ व व्यापारचिन्ह-तक्रारी

मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो अशा संगणकीय खेळाच्या नावावर किंवा बोधचिन्हावर चिन्हधारकाने घेतलेली हरकत आणि तिचे निवारण. कोडचा परवाना मुक्त असला तरी त्यासोबत दुसऱ्याचे व्यापारचिन्ह वापरण्याची मुभा मिळत नाही, अपाचे २.० परवान्यात तसे स्पष्ट कलमच आहे. खेळ फुकट वाटला, एवढ्यानेही हरकत टळत नाही.

उदाहरणे : ग्नोम प्रकल्पातील 'ग्नोमेट्रिस' हे नाव 'टेट्रिस'शी मिळतेजुळते होते, ते बदलून 'क्वाड्रापासेल' ठेवले, खेळ मात्र तोच राहिला. भारतातील गाजलेला निकाल मुक्तस्रोत खेळाचा नसला तरी मार्गदर्शक आहे. कोलकात्यातील दोघा भावांच्या 'स्क्रॅब्युलस'विरुद्ध 'स्क्रॅबल'च्या मॅटेल कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २००८ मध्ये न्यायालयाने नावाला मनाई केली, पण पटावरील प्रताधिकाराचा दावा मान्य केला नाही. खेळ पुढे 'लेक्स्युलस' नावाने चालू राहिला.

कायदा : व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार शब्दचिन्हाचा भंग उच्चारानेही होऊ शकतो. त्यामुळे परके चिन्ह देवनागरीत किंवा कन्नड लिपीत लिहिले तरी सुटका नाही. बेळगाव-निपाणीच्या द्विभाषिक पट्ट्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. कॅरम, सापशिडी, सारीपाट ही मात्र खेळांची सामान्य नावे आहेत.

सीमाभाग : चिन्हनोंदणीसाठी कर्नाटक चेन्नई कार्यालयाकडे, तर महाराष्ट्र मुंबईकडे येतो. म्हणून निपाणीच्या अर्जदाराचे कार्यालय चेन्नई, तर शेजारच्या कागलच्या अर्जदाराचे मुंबई. अर्ज ऑनलाइनही करता येतो. भंगाचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही. कलम १३४ मुळे नोंदणीकृत चिन्हाच्या धारकाला स्वतःच्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावता येतो. तेव्हा बेळगावच्या खेळकर्त्याला दूरच्या शहरातही हजर राहावे लागू शकते. उलट, निराधार धमकी मिळाल्यास कलम १४२ खाली त्यालाही दाद मागता येते.

निवारण : नोटीस आल्यावर प्रथम चिन्हाची नोंदणी व तिचा वर्ग तपासतात, सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, तर खेळ व खेळणी वर्ग २८ मध्ये मोडतात. हरकत नावावर, चित्रांवर की कोडवर, हे वेगळे केले जाते. नावापुरती हरकत रास्त असेल तर नाव, बोधचिन्ह आणि पॅकेजचे नाव बदलून खेळाचे वितरण चालू ठेवता येते.