होशंगाबादचा विज्ञानप्रयोग

विज्ञान करून शिकावे हे सर्वांस मान्य असते. परीक्षा मात्र पाठांतराचीच राहते. ही विसंगती दूर करण्याचा एक प्रयत्न मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली शासनाच्या अनुमतीने १६ शाळांत तो आरंभिला. १९७८ साली शासनाने तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी जिल्हाभर नेला. मुले गटागटाने प्रयोग करीत व निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेस पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा असे, आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. तीस वर्षांनी, २००२ साली, शासनानेच तो बंद केला. शासनाच्या बळावर सुधारणा दूरवर पोहोचते. परंतु तिचे आयुष्यही मग शासनाच्याच मर्जीवर राहते, हा या इतिहासाचा बोध होय.