कचऱ्यावर उगवलेलं रान

पोफळीच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्याजणी आज तुमच्याशी बोलतोय.

मुंबईत आपल्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी असतंच. भाऊ, दीर नाहीतर लेक. पण आपण तिकडे जातो ते लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला. यंदा आम्ही फक्त झाडं बघायला गेलो, आणि तीही धारावीत! घरची माणसं हसली. म्हणाली, "सह्याद्री दाराशी असताना झाडं बघायला मुंबईला?" पण आम्हाला त्या झाडांपेक्षा त्यांच्याखालची जमीन बघायची होती.

सायन स्टेशनला उतरलं की ही जागा जवळच आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान तिचं नाव. माहीम निसर्ग उद्यान असंही म्हणतात. एका बाजूला धारावीची दाट वस्ती, दुसऱ्या बाजूला मिठी नदी, आणि मधे 37 एकरांचं रान. आपल्या हिशेबात 1480 गुंठे. आत गेलं की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि पाखरांचा ऐकू येतो. नदीच्या कडेला तिवरं उभी आहेत, आपल्या दाभोळच्या खाडीत असतात तशीच.

या जागी पूर्वी मुंबईचा कचरा पडायचा. वर्षानुवर्षं गाड्या येऊन रिकाम्या होत होत्या. 1976-77 च्या सुमारास वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड या संस्थेच्या भारतातल्या शाखेने सुचवलं, की इथे उद्यान करा. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ते काम हाती घेतलं. 1983 साली पक्ष्यांचे मोठे अभ्यासक डॉ. सालिम अली यांनी इथे पहिलं झाड लावलं. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. लोकांसाठी उद्यान उघडलं 1994 मध्ये.

आता वर्षं मोजा. सुचवल्यापासून पहिलं झाड लागेपर्यंत सहा-सात वर्षं, आणि तिथून दार उघडेपर्यंत आणखी अकरा. ज्यांनी झाड लावलं, ते सालिम अली 1987 मध्ये वारले. उघडलेलं उद्यान त्यांना बघायला मिळालं नाही.

एवढा वेळ का लागला, हे शेणखताचा उकिरडा उकरणाऱ्या बाईला सांगायला नको. कुजणारा ढीग आतून गरम असतो. त्यात कोवळं रोप लावलं तर मुळं करपतात. इथे तर कचऱ्याचेच थर होते. त्यावर माती घालायची, रोपं लावायची, पाला पडू द्यायचा, त्याची पुन्हा माती होऊ द्यायची. खालचा कचरा काही नाहीसा झालेला नाही. आपण चालत होतो त्या वाटेखाली तो आहेच, हे कळल्यावर आमच्यातल्या एकीने पाय जपून टाकायला सुरुवात केली.

उद्यान झालं म्हणून मिठी नदी मात्र स्वच्छ झाली नाही. विहार आणि पवई तलावांकडून येणारी ही नदी अठराएक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, आणि वाटेत शहराची घाण पोटात घेते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हीच नदी घराघरांत शिरली. नदीची जागा आपण घेतली, की ती आपली जागा घेते. 22 जुलै 2021 चं चिपळूण आठवलं, की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि एकदा झालेलं रानही राखावं लागतं. धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यान जाईल, अशी भीती लोकांना वाटली. माणसं उच्च न्यायालयात गेली. तिथे 2023 मध्ये सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं, की उद्यान त्या योजनेत नाही. कोणी विचारलंच नसतं, तर हे उत्तरही मिळालं नसतं.

येताना गाडीत आम्ही गप्पच होतो. कोयनेचं पाणी आपल्या डोंगराच्या पोटातून खाली येतं, पोफळीच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. 1962 पासून हे चालू आहे. आपल्या पाण्याने राज्यात दिवे लागतात, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण त्याच पाण्याच्या काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, गणपतीचं थर्माकोल, लग्नातल्या पत्रावळी कोण टाकतं? आपणच. "ती पडीक जागा आहे," असं म्हणून टाकतो. धारावीच्या त्या जागेलाही कधीतरी कोणी असंच म्हटलं असेल.

कचरा पडायला कोणाची परवानगी लागली नाही. तो झाकून रान उभं करायला मात्र अठराएक वर्षं गेली. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय: वाडीखालच्या काठावर आता एकही पिशवी टाकायची नाही, आणि पावसाळा लागला की तिथे करंज लावायची. सावली कदाचित आपल्या नातवंडांना मिळेल. मिळू दे.

तुमच्या गावात अशी "पडीक" जागा कुठली आहे? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या.