दिंडीचा पैसा आणि इंद्रायणीतली खतं

दिंडीच्या वाटा, मुक्काम, विणेकरी यांच्यावर या अंकात पुष्कळांनी लिहिलंय. आम्ही पैशावर लिहितो. वारी संपली की भिशीची शिल्लक नि पंगतीच्या कायम ठेवी वर्षभर कुठंतरी ठेवाव्या लागतात. कुठं ठेवायच्या, हे आम्ही तुकोबारायांच्या चरित्रात शोधतो.

देहूचं मोरे घराणं पिढीजात महाजन. घरात दुकान, शेती, सावकारी. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, घरची माणसं गेली. पुढं तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात सांगतो. पण घाईघाईत एक गोष्ट सुटते. खतांत धाकटे बंधू कान्होबा यांचाही हक्क होता. म्हणून तुकोबांनी निम्मी खतं भावाच्या हाती दिली आणि आपला वाटा तेवढा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या हक्काचं दान केलं नाही. आम्हाला विश्वस्तपण इथंच कळतं. दिंडीचा पैसा माळकऱ्यांचा. तो आम्हाला बुडवता येत नाही, आणि त्याची सावकारी करून कुणाचा गळाही आवळता येत नाही.

खत म्हणजे काय, हे आताच्या पोरांना ठाऊक नाही. सावकारानं लिहायचं, कुणब्यानं खाली निशाणी करायची, आत काय लिहिलंय ते देव जाणे. तुकोबांच्या पालखीच्या वाटेपासून सुपं काही फार लांब नाही. तिथं १२ मे १८७५ ला, भर बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी दुकानांतून खतं नि वह्या काढून जाळल्या. लोकांचा राग मुख्य कागदावर होता. त्यानंतर १८७९ साली सरकारनं कायदा केला, आणि खतामागचा खरा हिशेब कोर्टाला तपासता येऊ लागला.

पुढं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं शिल्लक बँकेत, पोस्टात नाहीतर सरकारी रोख्यात ठेवायची असं बांधून दिलं. कायदा पैसा सुरक्षित राहील एवढं बघतो. तो कशावर वाढतो, हे आपलं आपण बघायचं.

कारण बैठकीत दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतंच, वाळूच्या ठेकेदाराला द्या, शेकडा तीन देतो. म्हणजे लाखाला महिना ३,००० आणि वर्षाला ३६,०००. ऐकायला गोड आहे. पण माउली, वाळू कुठली? भीमेचीच ना? जिच्या पात्रात आपण स्नानाला उतरायचं, तिथंच पुरुषभर खड्डे, आणि त्यावर आपली पंगत!

म्हणून ठेव बँकेतच आहे. व्याज थोडं येतं, डाळ-तेल महागलंय, ओढाताण होते. कमी पडेल ते धान्य गावातून पायली-पायलीनं गोळा करायचं, असं यंदाही ठरलंय.