पाण्यावरचा वेग आणि किनाऱ्यावरचा प्रेक्षक

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. मधले अंतर थोडेच. तरीही किल्ल्याकडे निघालेली प्रवासी होडी सरळ रेषेत जात नाही. पाण्याखाली दडलेल्या खडकांतून वाट काढत ती वळणे घेते. १६६४ ते १६६७ या काळात उभारलेल्या या जलदुर्गाचे पहिले संरक्षण त्याच्या तटाइतकेच या खडकांनीही केले. आता याच किनाऱ्यावर, तारकर्ली-देवबाग परिसरात, जेट स्की आणि स्पीडबोटींचे आवाज ऐकू येतात. पाणी उडवत जाणाऱ्या नौकेकडे पर्यटकाचा कॅमेरा आपोआप वळतो. मात्र हा वेग कोठून आणि कसा पाहावा, याचा विचार सहसा होत नाही. वेगवान मोटारनौकांच्या शर्यतींचा अनुभव याबाबतीत पुष्कळ काही शिकवतो.

मरीन ड्राइव्हची गॅलरी

महाराष्ट्रातील प्रेक्षकांना या खेळाचे जवळून दर्शन घडले ते मुंबईत. ३ ते ५ मार्च २०१७ या तीन दिवसांत मरीन ड्राइव्हसमोरील समुद्रात ‘पी-१ पॉवरबोट इंडियन ग्रां प्री ऑफ द सीज’ ही स्पर्धा झाली. मुंबई मॅरेथॉनचे आयोजन करणाऱ्या ‘प्रोकॅम इंटरनॅशनल’नेच ती भरवली होती. सर्व संघांना एकसारख्या, २८ फूट लांबीच्या आणि २५० अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या नौका देण्यात आल्या होत्या. त्यामुळे निकाल यंत्रापेक्षा चालकांच्या कौशल्यावर अवलंबून होता. प्रत्येक नौकेत दोघे जण: एक सुकाणू सांभाळणारा आणि दुसरा मार्गावर, तसेच आजूबाजूच्या नौकांवर लक्ष ठेवणारा. रॅलीपटू गौरव गिल आणि डकार रॅलीमुळे परिचित असलेला सी. एस. संतोष हेही या स्पर्धेत उतरले होते.

या शर्यतीसाठी मरीन ड्राइव्हची जागा अत्यंत सोयीची होती. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा कठडा कमानीसारखा वळलेला आहे. पाण्यातील घटना या कमानीच्या पोटात घडते आणि प्रेक्षक तिच्या काठावर, पाण्याच्या पातळीहून थोडे उंच उभा असतो.

१९०३ पासूनची परंपरा

मोटारनौकांच्या शर्यतींचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्या नावाच्या करंडकासाठी १९०३ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. विजेत्या ‘नेपियर’ नौकेचा वेग ताशी सुमारे ३१ किलोमीटर होता. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही हा खेळ होता. खराब हवामानामुळे तिन्ही शर्यतींत प्रत्येकी एकच नौका अंतिम रेषेपर्यंत पोहोचू शकली. १९२२ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८१ पासून ‘फॉर्म्युला वन’ दर्जाची जागतिक मालिका भरते. त्या मालिकेतील एक फेरी नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात, विजयवाड्याजवळ कृष्णा नदीच्या पात्रात झाली. तेथील नौका ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठतात. पाण्यावरील वेगाचा जागतिक विक्रम मात्र ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांच्या नावावर आहे. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी ताशी ५११ किलोमीटरचा वेग नोंदवला.

काय पाहावे?

नौका संथ चालते तेव्हा ती पाणी कापत जाते. वेग वाढला की तिचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि फक्त मागचा भाग पाण्याला टेकलेला राहतो. पाण्याचा अडथळा घटल्यामुळे वेग झपाट्याने वाढतो. त्याबरोबर स्थैर्य कमी होते. नाक फार वर गेले तर वारा तळाखाली शिरून नौका उलटू शकते. फार खाली गेले तर ती लाटेत घुसते. नाक डॉल्फिनसारखे वरखाली होऊ लागले, की तोल साधलेला नाही हे जाणकार ओळखतो. या नौकांना मोटारीसारखा ब्रेक नसतो, हे विशेष लक्षात ठेवावे. इंजिनाची गती कमी करणे आणि पाण्याच्या विरोधावर विसंबणे एवढेच चालकाच्या हाती असते.

म्हणून शर्यतीतील खरी चुरस सरळ मार्गापेक्षा वळणावर दिसते. तरंगत्या खुणेला, म्हणजे बोयाला, किती जवळून वळसा घातला आणि वळणातून बाहेर पडताना किती लवकर वेग घेतला, यावर क्रम बदलतात. पुढच्या नौकेने ढवळलेले पाणी मागच्याला त्रासाचे ठरते. त्यामुळे सुरुवातीनंतरचे पहिले वळण दिसेल अशी जागा निवडावी. सोबत साधी दुर्बीण असावी. नौका एक किलोमीटर दूर असेल तर तिचा आवाज कानी पडायला सुमारे तीन सेकंद लागतात. आवाजाच्या दिशेने नजर वळवणाऱ्याला तोवर रिकामे पाणीच दिसते.

छायाचित्र कसे घ्यावे?

ताशी ११० किलोमीटर वेगाची नौका सेकंदाला तीस मीटर पुढे सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिपटीहून अधिक. दिसल्यावर कॅमेरा उचलणे व्यर्थ ठरते. बोयावर आधीच फोकस साधून वाट पाहणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. उडालेला प्रत्येक थेंब गोठवायचा असेल तर शटर सेकंदाच्या एक हजारांश किंवा त्याहून जलद ठेवावे. वेगाचा आभास हवा असेल तर ते एकशे पंचविसांशापर्यंत खाली आणून कॅमेरा नौकेबरोबर फिरवावा; पार्श्वभूमी पुसट होते आणि नौका ठसठशीत उमटते. किनाऱ्यावरून टिपण्यासाठी ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स उपयोगी पडते.

मुंबई काय किंवा मालवण काय, आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असतो आणि नौकेचे रंग खुलतात. दुपारनंतर प्रकाश समोरून येतो; तेव्हा चमकत्या पाण्यावर काळी आकृती आणि उजळलेला तुषारांचा पिसारा असे चित्र मिळते. चमकत्या पाण्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व नौका काळवंडते, म्हणून प्रकाश किंचित वाढवावा. मात्र फेसातील बारकावे नाहीसे होत नाहीत ना, हे तपासावे. क्षितिज तिरके होऊ देऊ नये. खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नये आणि घरी परतल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा.

अंतराचे महत्त्व

शर्यतीसाठी ठरावीक पाणी राखून ठेवलेले असते. बचावनौका आणि पाणबुडे सज्ज असतात, इतर नौकांना मार्गावर मज्जाव असतो. खुल्या समुद्रात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाच्या चाचणीदरम्यान तिच्यावरील नियंत्रण सुटले होते. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. वळसे घेत जवळ येणाऱ्या त्या नौकेचे चित्रण एक प्रवासी धडकेच्या क्षणापर्यंत मोबाइलवर करत होता. त्याआधी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांना प्राण गमवावे लागले होते.

मालवणच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे. येथील २९ चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. डॉल्फिन आणि कासवे श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. त्याच पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात आणि किनाऱ्यालगत रापण ओढली जाते. खडक टाळण्यासाठी स्थानिक तांडेल ज्या मार्गावर वेग कमी करतो, तेथे वेगाची शर्यत लावणे धोक्याचेच ठरेल. खाडीतले पाणी शांत असले, तरी अरुंद पात्रात वेगवान नौकेच्या लाटा थेट काठावर आणि नांगरलेल्या होड्यांवर आदळतात.

या किनाऱ्यावरून वेग पाहता येतच नाही, असे मात्र नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके सिंधुदुर्गात झाली. तेव्हा युद्धनौका खोल पाण्यात होत्या आणि पाहणारे तारकर्लीच्या पुळणीवर. एरवीही मालवणच्या रॉक गार्डनचा उंचवटा किंवा तारकर्लीची पुळण येथून परतणाऱ्या मासेमारी नौका आणि स्पीडबोटी यांची उत्तम छायाचित्रे मिळतात. चांगल्या चित्रासाठी लाटांत उतरून किंवा दुसऱ्या होडीतून नौकेच्या जवळ जाण्याची गरज नसते. लांब पल्ल्याची लेन्स, सकाळची वेळ आणि पायाखाली घट्ट जमीन एवढे पुरेसे आहे.